र रेखाताईना

सुरतेची गाडी पारोळ्याच्या स्टँडवर लागली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. तनूचे पप्पा गोण्या आणि गादीची वळकटी डिकीत कोंबत होते. सासूबाई कळण्याच्या भाकरींचं गाठोडं माझ्या पिशवीत नीट बसवत होत्या. आणि साडेतीन वर्षांची माझी तनू रेखाच्या कडेवर होती. माझ्या नाही, आजीच्याही नाही. रेखाच्या.

मी मनाशी सगळं ठरवून आले होते. तनू रडेल, मला सोडणार नाही, मग तिला काय सांगायचं तेही घोकून ठेवलं होतं. पण ती रडलीच नाही. रेखाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवायच्या, सोडून द्यायच्या आणि त्या खळकन खाली आल्या की हसायचं, यात ती दंग होती. मी गाडीत चढले, खिडकीतून हात हलवला. रेखाने तिचा हात धरून हलवला तेव्हा कुठे तिने माझ्याकडे पाहिलं.

"पोरनी चिंता करू नको, आठे बठ्ठा शेतस," सासूबाई खालून म्हणाल्या. इथे सगळे आहेत.

"तू जाय, ज्योतीताई. मी शे ना," रेखा म्हणाली. मी आहे ना.

ते "मी शे ना" धुळं येईपर्यंत माझ्या कानात होतं. दुसऱ्या कुणा आईला ते ऐकून धीर आला असता. मला आला नाही. माझ्या मनात काहीतरी आंबलं, आणि पुढे सहा महिने ते तसंच आंबत राहिलं. गावी राहिलेल्या माझ्या माणसांना हे ठाऊक नाही. माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांना बहुतेक ठाऊक असेल, पण कुणी बोलत नाही. सगळे जण आठवण येते म्हणतात. हेवा वाटतो असं कोण म्हणणार?

आमचं गाव पारोळ्यापासून टमटमने अर्ध्या तासावर. तिथल्या अंगणवाडीची मी सहा वर्षं सेविका होते आणि रेखा माझी मदतनीस. ती खिचडी शिजवायची, पोरांना घरून बोलावून आणायची, त्यांचे हात धुवून द्यायची. शिकवायचं काम माझं. आणि ते मी मनापासून करत होते, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आमच्याकडे सरकारी तक्ता होता, अ अननसाचा, आ आगगाडीचा. आमच्या पोरांनी दोन्ही पाहिलेलं नव्हतं. ती तक्त्याकडे बघून गाणं म्हटल्यासारखं सगळं म्हणायची, आणि तेच अक्षर दुसरीकडे कुठे दाखवलं की गप्प. मग मी तक्ता बाजूला ठेवला. केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे आणले, त्यावर गोणपाटाची अक्षरं कापून चिकटवली. पोरांनी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं. खरखर लागली की अक्षर, गुळगुळीत लागलं की वाट चुकली. पुठ्ठ्याशिवायची सुटी अक्षरं एका कापडी पिशवीत घालायची, पोराने आत हात घालायचा आणि न बघता सांगायचं, हातात कोण आलं. पिशवीत हात घातल्यावर पोरांचं तोंड कसं होतं, ते पाहायला हवं. जीभ बाहेर, डोळे छताला. सरकीची अक्षरं, परातीतल्या पिठातली अक्षरं, ओल्या मातीच्या वळ्यांची अक्षरं. आणि सगळ्यांत आवडता खेळ म्हणजे पुढच्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढायचं आणि त्याने ओळखायचं.

क्रमही मीच लावला होता. अ-आ-इ नाही. आधी हाताला सोपी अक्षरं. र, मग स, मग ग, मग म. र सगळ्यांत आधी, कारण त्याला एक आकडी आणि एक शेपटी. तो तीन वर्षांच्या पोरालाही जमतो.

तनूचे पप्पा सुरतेला कापडाच्या मार्केटात लागले आणि त्यांनी तिथल्या उधना भागात खोली घेतली. म्हणजे खोलीचा अर्धा भाग, उरलेल्या अर्ध्यात त्यांच्या चुलतभावाचं कुटुंब. मी पण काम धरायचं ठरलं होतं. तिथे तनूला कोण बघणार? सासूबाई म्हणाल्या, पोर जूनपर्यंत इथेच राहू द्या, खोली नीट झाली की न्या. मी राजीनामा दिला. बारावी शिकलेली रेखा माझ्या जागेवर सेविका झाली. कपाटाची किल्ली मी तिच्या हातात ठेवली तेव्हा ती रडली होती. मी नव्हते रडले.

सुरतेत पहिल्या दिवशी मला कळलं की मी आता निरक्षर आहे. दुकानांच्या पाट्या, बसचे बोर्ड, दवाखान्याचा कागद, सगळं गुजरातीत. अक्षरं आपल्यासारखीच वाटायची, पण वरची रेघ कुणीतरी पुसून टाकलेली. क ओळखू यायचा, ग यायचा. ज मुळीच नाही. माझ्या नावाचं पहिलं अक्षर, आणि तेच मला वाचता येईना. पोरांना अक्षरं शिकवणारी मी, शेजारणीला विचारायची, "बेन, आ शुं लखेलुं छे?"

महिन्याभराने एका बालमंदिरात काम मिळालं. तेडागरचं. तेडागर म्हणजे पोरांना घरून घेऊन येणारी, परत पोचवणारी, त्यांचे हात धुवून देणारी. पहिल्या दिवशी नळाखाली वीस जोड्या हात धुतले आणि मला एकदम रेखा आठवली. मी इथे रेखा झाले होते आणि रेखा तिथे मी झाली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. शिकवायला हंसाबेन होत्या. भिंतीवर कक्क्याचा, म्हणजे गुजराती मुळाक्षरांचा तक्ता, हातात पट्टी, आणि पोरं सुरात ओरडायची. मी दाराशी बसून ऐकायची. माझी बोटं शिवशिवायची, पण मला तिथे कोण विचारतंय?

संध्याकाळी रेखा तिच्या फोनवरून तनूला दाखवायची. सासूबाईंकडे साधा फोन, म्हणून हा फोनही रेखाचाच. सुरुवातीला मी विचारायची, जेवलीस का, खोकला गेला का. एक दिवस तनूने कॅमेऱ्यासमोर पुठ्ठा धरला. सरकी चिकटवून केलेलं अक्षर होतं, जरा वाकडं.

"मम्मी, हाऊ र!"

माझ्या पोरीने ओळखलेलं पहिलं अक्षर. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, एक क्षणभर. मग मी विचारलं, "र कशाचा गं?" मी सहा वर्षं शिकवलेलं उत्तर होतं, र रताळ्याचा.

तनू म्हणाली, "र रेखाताईना." रेखाताईचा.

मागे रेखा हसली. मी पण हसले. फोन ठेवला आणि भांडी घासायला बसले. र पहिला, हे मीच ठरवलं होतं. तिच्या नावाचं अक्षर सोपं, माझ्या नावाचं जोडाक्षर. जोडाक्षरापर्यंत पोर पोचायला अजून दोन वर्षं. तोवर ती रोज रेखाचं नाव गिरवणार, आणि माझं कुणी तिला दाखवणारही नाही. अशा गोष्टीवरून माणूस जळतं का? मी जळले. मग रोज फोनवर मी तनूची परीक्षा घ्यायला लागले. म कशाचा? "म मायना." ग कशाचा? "ग गावडीना." गावडी म्हणजे गाय, आमच्या अहिराणीत. मी दरवेळी दुरुस्त करायची. मायना नाही, मक्याचा म्हण. गावडीना नाही, गवताचा. चारपाच दिवसांनी तनू फोन आला की पळून जाऊ लागली. रेखाने पोर फितवली, असं मी मनात म्हटलं. पोर माझ्यामुळे पळते, हे मनात आलं नाही.

आखाजीला मी एकटीच गावी गेले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. सण दोन दिवसांवर होता. घरी पिशवी टेकवली तर सासूबाई म्हणाल्या, तनू अंगणवाडीत आहे. मी पाणीही न पिता तिकडे निघाले.

दारात उभी राहिले आणि कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पोरं ओळीने एकमेकांच्या मागे बसली होती, पाठीवर अक्षर काढायचा माझा खेळ चालला होता. पण रेखाने तो वाढवला होता. शेवटच्या पोराने अक्षर काढायचं आणि ते पाठीपाठीने पुढे जात पहिल्यापर्यंत पोचवायचं. पहिलं पोर उठून भिंतीवरचं अक्षर दाखवणार. मधेच कुणीतरी गडबड करायचं, म चा भ व्हायचा, आणि सगळी लोळून हसायची. हे मला सुचलं नव्हतं. सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

"कव्हय उनी, ज्योतीताई?" रेखाने विचारलं. केव्हा आलीस. ती खुर्चीवर नव्हती, खाली पोरांत बसली होती. माझी खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर गोणपाटाचे तुकडे.

तनू धावत आली, मला बिलगली आणि लगेच ओळीत आपल्या जागेवर परत गेली. तिची पाळी यायची होती.

तेवढ्यात मॅडम आल्या. या पर्यवेक्षिका मी सोडल्यानंतर आलेल्या, मला ओळखत नव्हत्या. त्यांनी भिंत पाहिली, पिशवीचा खेळ पाहिला, एका पोराला पिशवीत हात घालायला लावलं. त्याने डोळे मिटून स ओळखला. मॅडम म्हणाल्या, "वा रेखाताई! तुमची अंगणवाडी बघायला मी दुसऱ्या गावच्या ताईंना घेऊन येते."

रेखा काही बोलायला तोंड उघडत होती. मी तिला बोलू दिलं नाही.

"मॅडम, हे सगळं मी सुरू केलंय," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "सहा वर्षं मी इथे सेविका होते. ही माझी मदतनीस. आणि ही पोरांना काय शिकवते ते तरी ऐका. म मायना, ग गावडीना! उद्या शाळेत गेल्यावर या पोरांचं काय होणार? यांना गाय म्हणता येणार नाही."

पोरं जागच्या जागी थांबली. पोरांना माणसांचा आवाज फार लवकर कळतो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग रेखाकडे. वहीत काहीतरी लिहिलं आणि हळूच म्हणाल्या, "रेखाताई, पुस्तकातले शब्द यायला हवेत हं. तक्ता लावा भिंतीवर." आणि त्या गेल्या.

रेखा उठली. तिने भिंतीवरची अक्षरं एकेक करून काढली, पिशवी कपाटात ठेवली, तक्ता शोधून आणला आणि खिळ्याला अडकवला. मग खिचडी बघायला गेली. पोरं तक्त्यासमोर बसून राहिली. एकाने दुसऱ्याच्या पाठीवर बोट ठेवलं आणि पुन्हा काढून घेतलं.

घरी जाताना तनूने माझा हात धरला नाही. "तू रेखाताईले का बरं बोलनी?" तिने विचारलं. चार वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? मी म्हणाले, मोठ्यांचं काम आहे. ती म्हणाली, "तू उगाच उनी." उगाच आलीस. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. पुरणाची डाळ निवडत त्या खाली मान घालून राहिल्या. त्यांनी मला रागावायला हवं होतं, तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी रेखाकडे गेले. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगत होते, पण अजून निम्मा राग माझ्यातच होता. ती अंगणात लसूण सोलत होती. बस म्हणाली नाही.

"तू कष्ट घेतेस ते दिसतं मला," मी म्हणाले. "पण माझं नाव कुठेच नको का?"

रेखाने सोललेला लसूण ताटात टाकला.

"सहा वरीस मी तुना हाताखाले काम करं," ती म्हणाली. "अक्षर तू काढे, गोणपाट मी कापू. हाई बोटं दख." तिने बोटं पुढे केली. कात्रीचे जुने घट्टे होते. "पोरं तुले ताई म्हनेत, माले खिचडीवाली. तव्हय माले काय वाटे, तू एक दिन तरी इचारं का?"

मी नव्हतं विचारलं.

"तू गयी आनि तुनी पोर आठ दिन दारमाच बसे. रस्ता दखे. मी तिले मांडीवर लिसन बसू, पाठवर बोट फिराऊ. अक्षर नही, उगाच बोट. मंग एक दिन ती म्हने, रेखाताई, हाऊ काय काढं? म्हनीसन मी र काढा. मन्हा नावना म्हनीसन नही. तूच सांगेल व्हतं, पहिला र."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. बांगड्यांशी खेळणारी, न रडणारी तनूच मी मनात सोबत नेली होती. सहा महिने तेच चित्र उगाळत मी जळत होते. ती दारात बसत होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी सुरतेत काळजी करत बसेन म्हणून.

आणि अजून एक. रेखाही सहा वर्षं माझा हेवा करत होती. खिचडीचं पातेलं ढवळत, दारातून माझ्याकडे बघत. तिने तो कुणावर ओकला नाही. मी सहा महिन्यांत ओकले.

"मी मॅडमना जाऊन सांगते," मी म्हणाले.

"सांग, नही ते नको सांगू." सांग नाहीतर राहू दे, असं म्हणून तिने पुढचा लसूण हातात घेतला.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी टमटमने पारोळ्याला गेले. मॅडमच्या टेबलासमोर उभं राहून म्हणाले की मी बोलले ते हेव्यापोटी बोलले. हाच शब्द वापरला. अहिराणीतून शिकवलं म्हणूनच पोरं अक्षर विसरत नाहीत, मायना म्हणणारं पोर उद्या मक्याचाही म्हणेल, आधी बोटाला म तर कळू दे, असंही म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढला. "ज्योतीताई ना तुम्ही? मागच्या भेटीतच रेखाताईंनी मला तुमचं नाव सांगितलं होतं. ही सगळी कल्पना आमच्या ज्योतीताईंची, त्या सुरतेला गेल्या, असं म्हणाल्या. त्या दिवशी मी तेच विचारणार होते, की ह्याच का त्या. पण तुम्ही बोलायला लागलात."

मी खाली बघत उभी राहिले. फरशीवर कुणाच्या तरी चपलेचा चिखल वाळला होता. दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

"दोन्ही शब्द ठेवा म्हणावं," मॅडम म्हणाल्या. "गावडी पण, गाय पण. मी फोन करते त्यांना."

अक्षरं पुन्हा भिंतीवर लागली. पण रेखा आणि मी लगेच गळ्यात गळे घातले असं झालं नाही. मी परत निघाले तेव्हा ती स्टँडवर आली नाही. तिचं बरोबर होतं.

जूनमध्ये तनूचे पप्पा तिला घेऊन आले. आता आमच्याकडे स्वतंत्र खोली आहे, खिडकीतून लूमचा आवाज येतो. उधन्यात मराठी शाळाही आहेत, पण तिच्या पप्पांचं म्हणणं पडलं, इथेच राहायचं तर इथलं लिहिता-वाचता यायला हवं. तनू आमच्याच बालमंदिरात येते. पहिल्या आठवड्यात ती तक्त्यासमोर गप्प बसली. मग मी धीर करून हंसाबेनना विचारलं. मार्केटातून साडीच्या काठाच्या पट्ट्या मिळतात, त्या पुठ्ठ्यावर चिकटवून अक्षरं करू का? जरीची, टिकल्यांची, बोटाला लागणारी. त्या म्हणाल्या, "करो ने, शुं वांधो छे?" काय हरकत आहे! आता मंगळवारी आणि शुक्रवारी मी अर्धा तास घेते. हात धुवायचं कामही माझंच आहे. करताना मी पोरांची नावं विचारते. पूर्वी माझ्या मदतनिशीला काय वाटतं, तेही मी कधी विचारलं नव्हतं.

अक्षरं करताना मला स्वतःला ती आधी शिकावी लागतात. तनू माझ्यापुढे गेली आहे. परवा जरीच्या पट्टीचा ज मी उलटा चिकटवला, तिने काढून सरळ केला आणि म्हणाली, "मम्मी, एवुं नथी." असं नाही. तिच्या तोंडून गुजराती इतकं सहज आलं की मला थोडा तिचाही हेवा वाटला. मी हसले, आणि पट्टी पुन्हा चिकटवली.

रेखा आता रविवारी फोन करते. पहिले दोन महिने फक्त तनूशी बोलायची. मग एकदा मला म्हणाली, ळ काही केल्या पोरांच्या हाताला बसत नाही, काय करू? मी म्हणाले, गहू भिजवून परातीत पसर आणि दोन बोटांनी काढायला लाव. ती म्हणाली, दखस करीसन. बघते करून. पुढच्या रविवारी तिने परातीचा फोटो पाठवला. गव्हात चाळीसेक बोटांचे ओरखडे होते. दूरच्या कुणी मला असं काही विचारलं याचा आनंद मला दिवसभर पुरला. आणि त्याच दिवसभर, ती परात माझ्यासमोर नव्हती, ती पोरं माझी नव्हती, याची कळही होती.

मी प्रत्येक फोनच्या शेवटी विचारते, "पोरं माझी आठवण काढतात का गं?"

रेखा खोटं बोलत नाही. "नही व ताई," ती म्हणते. "नवीन पोरं शेतस."

दर वेळी ते लागतं. मी विचारायचं थांबवलेलं नाही. सुरतेत आता माझं रेशनकार्ड आहे, पोरीची शाळा आहे, वाचता येणारे बसचे बोर्ड आहेत. कुणी विचारलं तर मी घर उधन्यातच सांगते. पण जिथे माझ्यावाचून सगळं नीट चाललं आहे हे ऐकून अजून मला दुखतं, अशी एकच जागा या जगात आहे. ज्या रविवारी ते "नही" मला लागणार नाही, त्या रविवारी माझं गाव खरं सुटलं असं मी समजेन.